दुसऱ्या कडव्यातला आवाज

"पुस्तिका शुक्रवारी छापायला जातेय," डेस्मंड म्हणाला. त्या आठवड्यातला हा त्याचा चौथा फोन. "काही सापडलं?"

"सापडलं असतं तर मीच फोन केला असता."

डेस्मंड जुन्या रॉक गाण्यांच्या नव्या आवृत्त्या काढतो, सोबत माहितीची पुस्तिका देतो. लॅम्पलायटर्स या बँडच्या एका गाण्यात, दुसऱ्या कडव्याला, एक कोरडा, तुटका आवाज सुरू होतो. पन्नास वर्षं लोक त्यावर भांडताहेत. कुणी म्हणतं मँडोलिन, कुणी हार्प्सिकॉर्ड, कुणी बिस्किटांच्या डब्यावर ताणलेलं रबर. वाजवणारे सगळे गेले. रेकॉर्डिंगच्या सकाळी स्टुडिओत आलेल्यांपैकी माझे वडील तेवढे उरले होते. विल्फ पेटिफर, पियानोचे सूर लावणारे. मार्चमध्ये तेही गेले.

वाद्य ओळखून दिलं तर पुस्तिकेत त्यांचं नाव घालू, असं डेस्मंडने कबूल केलं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे पियानो सुरात आणले, पण त्यांचं नाव कुठेच छापलं गेलं नव्हतं. मला ते छापलेलं हवं होतं.

हॉस्पिटलमध्ये मी त्यांना ते कडवं ऐकवलं होतं.

"डॅड, हे काय वाजतंय?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "चहा गार झालाय, हिल्डा."

पुन्हा विचारलं.

"बंद कर ते."

त्या दिवशी मी चिडून लवकर निघाले.

गुरुवारी म्युरिएल आली. ती वडिलांच्या हाताखालीच सूर लावायचं काम शिकली. घर विकायच्या आधी आमचा पियानो लावून घ्यायचा होता.

"अगं बाई, काय हा सूर!" तिने झाकण उघडलं. "अख्ख्या विल्सडेनचे पियानो लावले तुझ्या बापाने, घरचा सोडून."

पियानोच्या मधल्या भागात प्रत्येक सुराला तीन तारा. त्यांतल्या दोन दाबून एकच वाजती ठेवायची, म्हणून तिने फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, लांब लाल पट्टी तारांमध्ये खोचत नेली. मग एक सूर वाजवला.

मी हातातली बशी खाली ठेवली.

"परत वाजव."

"थांब, नीट बसली नाहीये. मधल्या तारेवरही चढलीय."

"तशीच राहू दे. वाजव."

तोच आवाज. कोरडा, तुटका.

"पट्टी अशी आत राहून गेली तर?" मी विचारलं.

म्युरिएल हसली. "राहून गेली तर सूर लावणाऱ्याने धंदा सोडावा आणि बटाटे विकावेत. हे मी नाही, तुझा बाप म्हणायचा."

लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे. प्रत्येक घरातून निघताना ते दारात पिशवी उघडून सगळं मोठ्याने मोजायचे. एकदा, दोनदा, तीनदा. घरचे लोक बघत राहायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुठल्याही स्टुडिओत मात्र ते मला कधी घेऊन गेले नाहीत. आठवतं तेव्हापासून त्यांची कामं घरं, चर्च आणि शाळांचीच.

मी डेस्मंडला फोन लावला.

"पियानो आहे," मी म्हणाले.

"बाई, चेष्टा करता का? बहिऱ्यालाही कळेल तो पियानो नाही. की त्याला काही केलं होतं? काय केलं, ते सांगा. तुमच्या वडिलांचं नाव पहिल्या पानावर घालतो."

म्युरिएल माझ्याकडे बघत होती.

"पियानोच आहे. याहून जास्त मला माहीत नाही."

"मग 'वाद्य अज्ञात' असंच छापावं लागेल."

"छापा."

फोन ठेवून मी तोच सूर पुन्हा वाजवला. जरा जोरातच.

"एक पट्टी आत राहिली, एवढंच होतं, तर मला सांगायचं ना, डॅड."

म्युरिएलने पट्टी ओढून काढली, गुंडाळली, आणि पिशवीतल्या वस्तू मोजायला लागली.