तात्यापाऱ्यातला चान्स-मीटर

मी एक जुना चान्स-मीटर आहे. नाव ऐकून हसू आलं असेल तर खुशाल हसा, मित्रांनो. मलाही या नावाचा कधी अभिमान वाटला नाही. प्लायवूडची एक उंच पट्टी. खाली लाल, मध्ये पिवळा, वर हिरवा रंग. कडेला शून्यापासून शंभरपर्यंतचे आकडे आणि मधल्या खाचेत वर-खाली सरकणारा लोखंडी बाण, एवढाच मी. बाण हव्या त्या आकड्यावर नेऊन मागचा स्क्रू पिळला की तो तिथे थांबतो.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात, झेरॉक्सच्या एका दुकानाच्या माडीवर, लोकेश सरांचं प्रवेश मार्गदर्शन केंद्र आहे. तिथे मी भिंतीला टेकून उभा असायचो. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हे मी दाखवतो, अशी लोकांची समजूत होती.

गोल बाजाराजवळच्या लहानू सुताराने मला घडवलं. माझ्या कडा त्याने पॉलिश पेपरने इतक्या घासल्या की कुठे हात अडकत नसे. मला वाटलं, आपण वजनकाट्यासारखे कामाला येणार, काहीतरी मोजणार. पहिल्याच दिवशी कळलं की इथे मोजायचं काहीच नाही.

सर मुलाला समोर बसवायचे, गुणपत्रिकेवर नजर टाकायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि माझा बाण सरकवायचे. मुलाला चष्मा असला की बाण थोडा वर. बाप प्रश्न विचारणारा निघाला की खाली. आई रडवेली झाली की आणखी खाली, म्हणजे ती पुढच्या आठवड्यात पुन्हा येई. आणि ही शिकलीसवरलेली माणसं, बँकेतली, रेल्वेतली, सचिवालयातली, माझ्याकडे देवाच्या मूर्तीकडे बघावं तशी बघायची. एका गृहस्थाने तर मला हात जोडले. प्लायवूडला! लोक माझे फोटो काढून नातेवाइकांना पाठवत. जितकी माझी स्तुती झाली, तितकी मला या माणसांची शिसारी आली.

वर्षं गेली. माझ्या स्क्रूचे आटे झिजले आणि बाण स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली घसरू लागला. सरांच्या ते ध्यानातच आलं नाही.

अशा दिवसांत अबोली आली. सोबत आई सुजाता आणि वडील जयंतराव. हे कुटुंब नागपूरकडचं, जयंतराव इथे सरकारी नोकरीत. अबोलीला बेंगळुरूच्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकायचं होतं. तिथे जागा थोड्या आणि अर्ज हजारो. गुणांबरोबर मुलांनी लिहिलेला निबंधही तिथे वाचत. अबोलीने बूढ़ा तालाबच्या पाण्यावर लिहिलं होतं. त्यासाठी ती उन्हाळाभर काठावर जाऊन पाणी बाटलीत भरून आणायची आणि शाळेच्या प्रयोगशाळेत तपासायची. निबंधाची फाइल केंद्रात आधीच देऊन ठेवली होती. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. जयंतरावांनी ठरवलं होतं की सर हो म्हणाले तरच अर्ज, नाहीतर इथलंच कॉम्प्युटरचं कॉलेज.

सरांनी डोळे मिटले, उघडले आणि बाण सत्तरवर नेला.

"सत्तर! बहुत बढ़िया, बेटा. निबंध में जान है."

अबोलीचा चेहरा उजळला. तेवढ्यात सरांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. इकडे माझा बाण घसरू लागला. साठ, पन्नास, चाळीस...

"बाबा, तो बाण पाहा ना. खाली येऊन राहिला!"

"गप बस. सर आले."

सर येऊन बसले तेव्हा बाण पंचवीसवर अडकला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"देखिए जयंत जी, पच्चीस परसेंट. मैं झूठी उम्मीद नहीं देता. निबंध में दम नहीं है."

"सर, अभी तो आपने सत्तर बोला था," अबोली म्हणाली.

"वो शुरुआती अंदाज़ था, बेटा."

सुजाताबाईंचं लक्ष टेबलावरच्या फाइलकडे होतं. तिच्यावरचं रबर त्यांनी घरी लावलं होतं तसंच होतं.

"सर, माझ्या पोरीनं काय लिहिलं ते तुम्ही वाचलं का? हो का नाही, एवढंच सांगा."

"मैडम, इतना अनुभव है. मैं तो काग़ज़ सूँघ के बता देता हूँ."

"मग सुंघा," असं म्हणून सुजाताबाईंनी फाइल त्यांच्या नाकासमोर धरली. सर मागे सरकले. "चल अबोली. घरी जाऊन फॉर्म भरू."

"अगं पण सर पंचवीस म्हणून राहिले ना..." जयंतराव पुटपुटले. मायलेकी जिना उतरून गेल्या, तरी हे गृहस्थ खुर्चीतच. मग हळूच म्हणाले, "सर, मग कॉम्प्युटरचं किती येईल?"

सरांनी बाण नव्वदवर नेला. तो टिकेना, म्हणून बोटाने दाबून धरला. जयंतरावांना ते बोट दिसत होतं. तरी त्यांनी समाधानाने सुस्कारा सोडला!

अर्ज गेला. मुलाखत झाली, अबोली प्रतीक्षा यादीत लागली आणि शेवटी तिला जागा मिळाली. हे मला कळलं ते सरांनी माडीच्या खिडकीखाली तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला तेव्हा. बेंगळुरूला जाण्याआधी अबोली तो उतरवायला सांगायला आली.

"सर, आपने तो मना किया था."

"हव बेटा, पर सत्तर भी तो हमने ही बोला था!"

अबोली खाली गेली, आईच्या स्कूटरच्या सीटवर चढली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या तिने स्वतः कापल्या. इतक्या वर्षांत त्या माडीवर येऊन गेलेल्यांपैकी मला आवडलेलं ते एकच माणूस.

तुम्हाला वाटेल, आता जयंतराव शहाणे झाले असतील. या वर्षी ते पुतण्याला, विराजला, घेऊन आले.

"सर, ह्या पोट्ट्याचंही पाहून घ्या. अबोलीचं तुमचं सत्तर बरोबर निघालं होतं."

विराजने स्वतः लिहिलेले कागद पुढे केले. सरांनी ते न बघताच बाजूला ठेवले आणि माझा बाण वर नेला. तो सरळ खाली आपटला.

"मीटर बिगड़ गया है. सुधरवा लेता हूँ, अगले हफ़्ते आइए."

"हव, थांबतो आम्ही," जयंतराव म्हणाले. विराज मात्र वळून वळून आपल्या कागदांकडे बघत गेला.

सध्या मी जिन्याखाली धूळ खात सुताराची वाट पाहतो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. माझी तशी काही विनंती नाही. टेबलावर एका मुलाने मन लावून लिहिलेले कागद पडले आहेत. ते कोणीतरी बसून वाचा. आणि मला दुरुस्त करू नका. प्लायवूड चुलीत बरं जळतं.