कानातले बोळे

ज्योतीरामने हरणी घोडीच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे दाबून बसवले, तिचे मागचे पाय दाव्याने खुंट्याला जखडले आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं. पंचावन्न सालचा चैत्र, महाळुंग्याची जत्रा. आज घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, बैलगाडे सुटणार होते. हलगी कडाडल्यावर हरणी गप उभी राहील यावर गावात कुणी विश्वास ठेवला नसता. सात वर्षं ती गाड्यांपुढे पळाली होती, पाठीवर ज्योतीरामला घेऊन.

माघातल्या शर्यतीत पळतानाच तिच्या गुडघ्यातल्या हाडाचा कपचा उडाला. लोक म्हणाले, तापल्या सळईचा डाग दे. ज्योतीरामने ऐकलं नाही, तिला पुण्याला नेलं. लष्करातून निवृत्त झालेल्या घोड्यांच्या डॉक्टरांनी भूल देऊन सांधा उघडला, कपचा काढला, टाके घातले.

"आतून भरायला वेळ लागतो," ते म्हणाले. "त्याआधी एकदा जरी उधळली, तरी पाय गेला."

तेव्हापासून हा बाबा गोठ्यातच निजत होता. बायको, शालनबाई, चेष्टा करायची, "माझ्या बाळंतपणात येवढं केलं न्हाई कधी!"

पहिली बारी, म्हणजे पहिल्या गाड्याची धाव, सुटली. हलगी कडाडली, "उचल की टाक" असा ओरडा झाला. ज्योतीरामने हरणीच्या मानेला मिठी घातली. ती कडबा खात होती.

दुसरी बारी झाली, तिसरी झाली. तिने कानसुद्धा हलवला नाही. बोळे फारच घट्ट बसले असणार. त्याने एक हळूच काढला, मग दुसरा.

चौथी बारी सुटली. हरणीने एक कान हलगीकडे वळवला आणि ती कडबा खात राहिली.

ज्योतीरामने रिकामी बादली उचलली, मांडीवर पालथी घेतली आणि बोटांनी बारीची हलगी वाजवू लागला. आधी हळू, मग जोरात.

शालनबाई धावत आली. "अवो, खूळ लागलं का? सांधा उसवंल तिचा!"

त्याने वाकून दावं सोडलं. "पळ की गं," तो म्हणाला. "एकदा तरी."

हरणी चार पावलं चालत आली, बादली हुंगली, पाणी नाही म्हणून परत कडब्याकडे गेली.

"अगं बाई, लंगडत न्हाई की!" शालनबाईला हसू आवरेना. "बरी झाली तुमची हरणी!"

"व्हय," ज्योतीराम म्हणाला, "बरी झाली." आणि बादली पोटाशी धरून हमसून हमसून रडू लागला.