आयांच्या रविवारची दोरी

आयांचा रविवार उजाडला तेव्हा ल्युबिंका चुलीजवळ स्टुलावर पाय जुळवून बसली होती, आणि चांगला अर्धा तास तशीच बसून होती. लग्न होऊन या घरात आल्याला आठ महिने झाले होते, पण एवढा वेळ तिला रिकामं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बटाटे सोलायचे होते, कोंबड्यांना दाणे टाकायचे होते, चुलीत लाकूड सारायचं होतं. पण उठलं की पाय हलणार, आणि हलत्या पायांना दोरी कोण बांधणार? म्हणून बया जागची हलत नव्हती.

वाल्येवो शहराकडच्या या गावांत नाताळाआधीचे तीन रविवार बांधाबांधीचे. पहिल्या रविवारी आईबाप पोरांना बांधतात, दुसऱ्या रविवारी पोरं आयांना, आणि तिसऱ्या रविवारी बापाची पाळी येते. सकाळी मागून गुपचूप यायचं, पायांना दोरी गुंडाळायची, आवळायची आणि म्हणायचं, सुटायचं असेल तर काढ काहीतरी. अक्रोड काढा, मोजे काढा, सुकवलेले पेअर काढा, पण काढायला लागतंच. आईला फुकटात सोडत नाहीत. आणि ज्या बाईच्या पायाला सकाळभर कुणी दोरी लावली नाही, तिच्याशी दुपारी शेजारणी जरा जास्तच गोड बोलतात.

अडतिसाव्या वर्षापर्यंत ल्युबिंकानं ते गोड बोलणं पुष्कळ ऐकलं होतं. आता बास, असं तिनं ठरवलं होतं. रादिशाशी लग्न केलं तेव्हा त्याची दोन पोरंही पदरात आली होती. त्यांची आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. नऊ वर्षांची दुन्या आणि पाच वर्षांचा वुक. यंदा बांधायला घरात चार हात होते. कपाटात मोज्यांची दोन गाठोडी नोव्हेंबरपासून तयार होती. वुकचे निळे. दुन्याचे लाल, आणि त्यांवर घोट्यापाशी पांढऱ्या चिमण्या. त्या चिमण्या तीनदा उसवाव्या लागल्या, कारण पहिल्या दोन्ही खेपांना त्यांची बदकं झाली आणि तिसऱ्या खेपेला कशाचं काय झालं ते तिलाच कळेना.

वुकचं काही अवघड नव्हतं. तो आलाच. गुपचूप येणं म्हणजे काय हे त्याला अजून उमगलेलं नव्हतं. फरशीवर दाण दाण पाय आपटत, नाकानं सूं सूं करत तो वासराची दोरी ओढत आला आणि स्टुलामागं बसला. ल्युबिंका खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानं गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली, पुन्हा सुटली. शेवटी तिनंच दोरी दोन घोट्यांमध्ये गच्च दाबून धरली.

"अगं बाई, मला कुणी बांधलं?"

"मी!" वुक इतका मोठ्यानं ओरडला की आतल्या खोलीतून सासूबाई खोकल्या. "आता काढ काहीतरी."

निळे मोजे निघाले, अक्रोड निघाले, पेअर निघाले. वुकनं न बांधलेली गाठ सोडली. ल्युबिंका मात्र उठली नाही.

"सोडलं ना मी. ऊठ की."

"बसते जरा," ती म्हणाली. दुन्या अजून यायची होती.

आतून सासूबाईंचा आरडाओरडा आला, म्हणजे दुन्यानं आजीला बांधलं होतं. मग हसणं, मग अक्रोडांचा खडखडाट. मग दार उघडलं. दुन्या बाहेर आली ती बूट घालून, कानटोपी घालून, कपडे वाळत घालायची नवी दोरी खांद्यावर टाकून. ती स्टुलापाशी थांबली. तिनं ल्युबिंकाच्या पायांकडं बघितलं. ल्युबिंकानं पाय आणखी जवळ घेतले.

पोरीचा चेहरा मिटल्यासारखा झाला.

"वरच्या पेर्सिदाकडं चाललेय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते काही तिनं सांगितलं नाही. ल्युबिंकाला हाक मारायचीच ती टाळायची. फारच गरज पडली तर समोर येऊन उभी राहायची आणि नजर वर होण्याची वाट बघायची. दार लागलं. पायरीवरचा बर्फ करकरला आणि मग तोही आवाज गेला.

ल्युबिंका उठली आणि बटाटे सोलायला लागली. एकेका बटाट्याची निम्मी निम्मी साल निघत होती.

रादिशा गोठ्यातून आला. बायकोचं तोंड बघितलं आणि काय झालं ते त्याला कळलं. माणूस भला, पण तोंड कधी उघडावं हे त्याला कधीच साधलं नाही.

"लहान आहे अजून," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बांधेल."

"पुढच्या वर्षी तुलाच बांधते मी. बैलाच्या शेजारी."

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस. तेच तर."

सासूबाई पायांत दोरीचा तुकडा घेऊन आतून फरफटत आल्या आणि कोचावर बसल्या. त्यांनी सुनेकडं एकदा बघितलं, तिच्या पायांकडं एकदा बघितलं. ते बघणं बोलण्याहून जास्त लागलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी ल्युबिंकानं कांदा जवळ ओढला, म्हणजे निदान विचारायला कुणी नको.

तेवढ्यात वुक पेअर चावत म्हणाला, "तू दुन्याला बांधलं नाहीस ना, म्हणून."

"काय म्हणालास?"

"गेल्या रविवारी. मला बांधलंस. तिला नाही बांधलं. ती तर बसली होती."

"कुठं बसली होती?"

"इथंच. स्टुलावर. असे पाय करून." त्यानं आपले दोन्ही पाय जुळवून दाखवले. "खूप वेळ बसली होती."

ल्युबिंकाच्या हातातला चाकू तसाच राहिला. तिला आठवलं. गेल्या रविवारी दुन्या सकाळभर याच स्टुलावर पुस्तक घेऊन बसली होती आणि एकही पान उलटत नव्हती. ल्युबिंकाच्या खिशात दोरी होती. दोनदा ती पोरीच्या मागं जाऊन उभीही राहिली होती. पण मनात आलं, या पायांना हिच्या आईनं दोरी लावली होती, तिथं आपण कोण? पोरगी झिडकारेल, रडेल, आईची आठवण काढेल. नकोच ते. आणि मग तिनं काय केलं होतं? "दुन्या, जरा पाय वर घे गं," म्हणून त्या जुळवून ठेवलेल्या पायांखालून झाडू फिरवला होता.

"कपाळ माझं," ती म्हणाली.

"मला वाटलं," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या माहेरी, नदीपलीकडं पोरींना बांधत नसतील. म्हणून मी बोलले नाही."

"बोलायचं होतंत हो. दुसरं सगळं बोलता."

तिनं ओले हात झग्याला पुसले, वासराची दोरी उचलली, खुंटीवरचा कोट काढला. लग्नात माहेराहून आणलेला तो जाड निळा कोट. त्याचं गळ्याजवळचं बटण आल्या आल्याच कुठंतरी हरवलं होतं. शिंगाचं, कडेला नक्षी असलेलं. तसं दुसरं वाल्येवोच्या बाजारातही मिळालं नाही. तेव्हापासून कोट सेफ्टी पिनेवर चालला होता. घाईत पीन बोटात घुसली, पण तिनं ती तशीच अडकवली.

"कुठं निघालीस?" रादिशानं विचारलं.

"दुन्याला बांधायला."

"अगं, आज आयांचा रविवार. पोरांचा गेला की."

"गेला तर गेला. मी जाऊन आणते परत."

"लोक हसतील," सासूबाई म्हणाल्या.

"हसू देत. लांब तोंडं करून बसायला सण नसतो."

आणि ती निघाली. चढाची वाट, गुडघ्याएवढा बर्फ, हातात दोरी, डोक्यावर रुमालसुद्धा नाही. काल-परवापर्यंत गावातून खाली मान घालून जाणारी ही बाई आज धावत सुटलेली बघून कुंपणाकुंपणाशी बायका येऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या पायात दोरी अजून लोंबत होती, कुणाच्या कडेवर पोर होतं. वुक मागून नवे मोजे हातांत घालून पळत होता आणि येईल त्याला सांगत होता, "ती दुन्याला पकडणारेय."

पेर्सिदाचं घर वाटेच्या शेवटी, वर आलुबुखाराची बाग. साठीची पेर्सिदा स्वतःच्या ओसरीवर खुर्चीला बांधलेली होती. दुन्यानं तिला आवळून अक्रोड वसूल केले होते आणि ती आता गाठ सोडत होती. दुन्यानं मान वर केली. ल्युबिंका दोरी घेऊन येताना दिसली.

आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय, एवढंच पोरीला वाटलं असावं. ती गाठ अर्धवट टाकून बागेकडं पळाली.

"अगं, मला सोडून तर जा," पेर्सिदा ओरडली. मग तिला ल्युबिंकाच्या हातातली दोरी दिसली, आणि बाईच्या सगळं ध्यानात आलं. अशा गोष्टी तिच्या लगेच ध्यानात यायच्या. "डावीकडून वळसा घाल, ल्युबिंका. कुंपणाला फट आहे, तिथनं निसटेल ती."

ल्युबिंका डावीकडून गेली. दुन्या उजवीकडं वळली. दोन झाडांमधून निसटली, तिसऱ्याला वळसा घातला. पोरगी हलकी, बर्फावरून नुसती तरंगत होती. ल्युबिंका प्रत्येक पावलाला खचत होती. धाप लागली, पोटात कळ आली, आणि तरीही तिला हसू येत होतं. किती वर्षांत ती अशी धावली नव्हती. शेवटी गवताच्या गंजीपाशी तिनं झोकून दिलं, ती सपशेल तोंडावर पडली, पण पडता पडता बुटातला एक घोटा तिच्या हातात आला.

"धरली," वुकनं जाहीर केलं.

दुन्या बर्फात बसली होती. ल्युबिंका तोंडावरचा बर्फही न पुसता तिच्या पायांना दोरी गुंडाळत होती. एक वेढा, दोन वेढे, तीन.

"आज आमचा रविवार नाहीये," दुन्या म्हणाली.

"माहितेय."

"मग कशाला बांधतेस?"

"गेल्या रविवारी बांधायचं होतं. दोरी खिशातच होती. घाबरले."

"कुणाला?"

"तुला."

"मला?"

"तुलाच. नऊ वर्षांच्या पोरीला घाबरून मी झाडू मारत बसले. जा, सांग गावभर." तिनं गाठ आवळली. "मला वाटलं, तुला तुझ्या आईचीच दोरी हवी असेल."

दुन्या गाठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ती पण तीनच वेढे घ्यायची."

वुक बर्फ खात होता.

"बरं, सुटायचं असेल तर काढ काहीतरी," ल्युबिंका म्हणाली.

तिला वाटलं, पोरगी एखादा अक्रोड देईल. दुन्यानं अक्रोडांनी फुगलेल्या खिशाला हातही लावला नाही. कोटाच्या आतल्या खिशातून तिनं एक हातरुमाल काढला. त्याला चार गाठी होत्या, त्या तिनं दातांनी सोडल्या. आत एक बटण होतं. शिंगाचं, कडेला नक्षी असलेलं.

ल्युबिंकाचा हात आपोआप गळ्यापाशी, पिनेवर गेला. "कुठं सापडलं हे?"

"सापडलं नाही." दुन्यानं मान खाली घातली. "मी कापलं होतं. कात्रीनं. तू आलीस त्याच दिवशी."

ल्युबिंकाला राग आला. खराखुरा राग आला. त्या बटणासाठी तिनं खुराडं झाडून काढलं होतं, गाईची वैरण उपसली होती. गिळलं असशील म्हणून एका पांढऱ्या कोंबडीला नाही नाही ते बोलली होती, आणि महिनाभर तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली होती. आठ महिने सासूबाई त्या पिनेवरून टोमणे मारत होत्या. हे सगळं तोंडाशी आलं. आणि मग तिला दुसरी गोष्ट कळली.

"म्हणजे गेल्या रविवारी तू हे घेऊन बसली होतीस? स्टुलावर?"

दुन्यानं नुसती मान डोलावली. नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब बटणावर पडला. तिनं तो बाहीनं पुसून बटण पुन्हा पुढं केलं.

ल्युबिंकानं ते घेतलं, मुठीत घट्ट धरलं. मग म्हणाली, "त्या कोंबडीची माफी तू मागायचीस. मी नाही मागणार."

दुन्याला एकदम हसू फुटलं. ल्युबिंकानं वाकून गाठ सोडली. सोडते न सोडते तोच पोरीनं दोरी हिसकली, तिच्यामागं सरकली आणि म्हणाली, "हलू नकोस."

ल्युबिंका हलली नाही. बर्फातून ओल थेट मांड्यांपर्यंत पोहोचली होती, तरी हलली नाही. एक वेढा, दोन, तीन. ही गाठ काही वुकच्या गाठीसारखी नव्हती. बुटावरूनसुद्धा कचकन लागली.

"काढ काहीतरी."

"घरी आहे गं. कपाटात. गाठोडं बांधून ठेवलंय कधीचं."

"मग घरी चल."

"अशी?"

"अशीच."

तर मग ती तशीच निघाली. पायांना दोरी, एक हात दुन्याच्या खांद्यावर, दुसऱ्या मुठीत बटण, आणि उतारावरून दोन्ही पायांनी उड्या. चौथ्या उडीला दोघी पडल्या. उठल्या, पुन्हा निघाल्या. वुक पुढं पळत वाट मोकळी करत होता, वाटेत कुणीही नसताना. कुंपणांशी उभ्या बायका पोटं धरून हसत होत्या. ल्युबिंकाला त्यांतली एकही आज जास्तीची गोड वाटली नाही.

ओसरीवर पेर्सिदा अजून अर्धवट बांधलेलीच होती. हसून हसून तिचे डोळे पुसायचे राहिले होते.

"अगं दुन्या," ती म्हणाली, "सोड की तिला आता. पाय मोडेल तिचा. देईल हो घरी गेल्यावर."

दुन्या थांबली. बुटाच्या टोकानं तिनं गाठ दाबून बघितली, पक्की आहे ना म्हणून.

"आईला फुकटात सोडत नाहीत," ती म्हणाली.

ल्युबिंकाला पुढची वाट दिसेनाशी झाली. तरी तिनं पुढची उडी मारली.