दोरावरच्या ताईच्या पोटातून

मी एक जुना जिवाणू आहे. जुना म्हणजे वंशानं. एकाचे दोन होत होत इथवर आलो. राहतो माणसाच्या आतड्यात. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमच्याही पोटात माझे भाऊबंद आहेत.

माझं घर म्हणजे एक ताई. उंच इमारतींच्या काचा ती दोराला लटकून पुसते. जन्मताना आईकडून आम्ही तिच्याकडे आलो. ती डाळी, पालेभाज्या, सालासकट फळं खाई. तिला न पचलेला चोथा आमच्या वाट्याला येई. त्यातून आम्ही आतड्याच्या भिंतीला पोषण देत असू. कामावर सगळे तिला ‘वाघीण’ म्हणत.

पण दोरावर काम करणाऱ्यांची एक समजूत होती. चोथ्यानं पोट हलतं, आणि वर अधांतरी संडास कुठला? तळलेलं खावं, पोट गप्प राहतं. ताईनंही तेच धरलं. दोन्ही वेळा तळलेलं, तेही काळ्या पडलेल्या तेलातलं.

आमची उपासमार झाली. माझे सोबती संपत गेले. तेलकटावर पोसणारे परके आले. भुकेपोटी आम्ही भिंतीवरचा चिकट थरच कुरतडू लागलो. पोटातून मेंदूकडे एक लांब नस जाते. तिच्यावरून आता शांत निरोप जाईनात. ताईच्या मनात शिरलेल्या भीतीचं कारण आम्हीच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मला छातीच नाही. पण साधा फोन वाजला तरी ती दचकू लागली, एवढं खरं.

काल ती दोरावरच थिजली. खाली दुसऱ्या दोराला लटकून काचा पुसणारी तिची धाकटी बहीण ओरडली, “ताई, तुझ्याजवळच्या पत्र्यावर माझा दोर घासतोय. पायानं ढकल ना!”

“पाय हलत नाही गं.”

“वाघिणीची मांजर झाली की काय? ताई, चेष्टा नाही, धागे सुटताहेत!”

ताईनं डोळे मिटून घेतले. गच्चीवरच्या मुकादमानं धाकटीला कसंबसं वर ओढलं.

“काय खाल्लं होतंस?” त्यानं ताईला दरडावलं.

“आईनं आग्रह केला मामा, म्हणून जरा पालेभाजी.”

“तरीच! उद्यापासून फक्त तळलेलं.”

ती निमूटपणे हो म्हणाली. त्या घासभर भाजीवर आम्ही उरलेसुरले तगलो होतो, हे त्यांना कोण सांगणार?

मित्रांनो, तुमच्या पोटातल्यांना उपाशी ठेवू नका. त्यांना हाक मारता येत नाही.

आज सकाळी वरून नुसतं तेल आलं. ताई कठड्यावरून पाय खाली सोडते आहे. धाकटी आधीच खाली लटकली आहे, आणि मेंदूकडे जाणाऱ्या त्या नसेवरून भीतीची ओरड सुरू झाली आहे.