वरचा पंचम

नम्रतानं पेटीचा भाता ओढला आणि समोर उघड्या ठेवलेल्या वहीतली शेवटची ओळ पुन्हा वाजवली. स्वर वरच्या षड्जाला टेकले, तिथं न थांबता पायरी पायरीनं चढले आणि वरच्या पंचमाला जाऊन उभे राहिले. मग तिनं पुस्तकातली तीच ओळ वाजवली. ती षड्जाला नुसता हात लावून निमूट खाली उतरली.

“वहीत वर जाते, बुवा. पुस्तकात नाय जात.”

धर्माबुवा ओटीवर भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांनी डोळेही उघडले नाहीत.

“छापखान्याची चूक असंल.”

तसं नव्हतं, हे तिनं सांगून पाहिलं. छापताना एखादं टिंब गळतं, एखादा स्वर हलतो. इथं अख्खी ओळच वेगळी होती, आणि दोन्हीकडे ताल चोख बसत होता.

अभंगांच्या या चाली डोळखांबच्या पंढरीबुवांच्या. ते गेल्यावर त्यांच्या शिष्यानं, म्हणजे या धर्माबुवांनीच, एकेक चाल गाऊन दाखवली आणि एका मास्तरांनी स्वर लिहून घेतले. तेच पुस्तक. वीस वर्षांत धसईपासून डोळखांबपर्यंत पेटीवर बोट ठेवणारा प्रत्येक जण त्यावरच शिकला. आता पुस्तकं संपली होती. पुण्यतिथीला नवी आवृत्ती काढायची, म्हणून मुरबाडला पेटीचे वर्ग घेणाऱ्या नम्रतानं ते काम अंगावर घेतलं. त्यातच महिन्यामागं पंढरीबुवांच्या पत्नी गीताबाई वारल्या, आणि त्यांच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली ही वही निघाली. अक्षर खुद्द पंढरीबुवांचं.

“गुरूंनी मला जे दिलं, ते मी दिलं,” धर्माबुवा म्हणाले. “माझ्या कानांनी ऐकलंय गो. शेवटच्या ओळीत संताचं नाव येतं. तिथं माणसानं खाली यायचं असतं.”

हे ते कीर्तनातही सांगत, आणि असं सांगत की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहावं. देवाच्या दारात आवाज चढवायचा नसतो, माझ्या गुरूनं स्वरसुद्धा वाकवला, म्हणत. नम्रतानं लहानपणी आईच्या मांडीवर बसून ते ऐकलं होतं. खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्या तेव्हा आपोआप हात जोडत.

आदेशच्या वेळी मात्र कुणी हात जोडले नव्हते.

तो गावातल्याच बाईजाचा एकुलता मुलगा, धर्माबुवांचा सगळ्यांत गोड गळ्याचा शिष्य. सप्ताहात काल्याच्या दिवशी शेवटच्या ओळीला तो वर गेला. वरच्या पंचमाला जाऊन उभा राहिला, आणि देऊळ गप झालं. धर्माबुवांनी भर कीर्तनात त्याच्या गळ्यातले टाळ काढून घेतले. गुरूच्या डोक्यावर पाय देतोस काय रे, म्हणाले. पोरगा एवढंच पुटपुटला, की गीताआजी असंच म्हणते. म्हातारीला काय कळतंय, असं म्हणून बुवांनी पुढचा अभंग उचलला. आदेश पुन्हा टाळाला शिवला नाही. भिवंडीला गोदामात लागला. दुसऱ्या वर्षी तिथं मालाची थप्पी अंगावर कोसळून गेला. उत्तरकार्याचं कीर्तन धर्माबुवांनीच केलं, समोर बाईजा बसलेली, आणि शेवटची ओळ त्यांनी रीतीप्रमाणे खालीच आणली.

“दाखव इकडं,” बुवा म्हणाले.

नम्रतानं वही त्यांच्यापुढं धरली. बुवांनी चष्मा चढवला, शाईच्या ओळीवरून बोट फिरवलं. पंचमावरचं वरच्या सप्तकाचं टिंब ठसठशीत होतं. बोट पानाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आलं आणि तिथं तिच्या अंगठ्याला अडलं.

“अंगठा काढ.”

“पेन्सिलीचं हाये, बुवा. पुसट झालंय.”

“वाच मग.”

तिनं अंगठा काढला. खाली तीच ओळ पेन्सिलीनं दुसऱ्यांदा लिहिली होती, षड्जावरून उतरणारी, अगदी पुस्तकात होती तशी. शेजारी बारीक अक्षरात दोन वाक्यं. ती नम्रताला आठ दिवसांपासून पाठ होती. तिनं मान खाली घालून वाचली.

“धर्माचा गळा वर जात नाही, त्याला असं द्यावं. त्याला कळू देऊ नये, मन मोडेल.”

परसात कोंबड्या माती उकरत होत्या. बुवांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकानं पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

“दोन्ही त्यांच्याच हातचं हाये,” नम्रता घाईनं म्हणाली. “पुस्तकातलं ठेवलं तरी खोटं नाय व्हायचं. पेन्सिलीचं कुणाला दाखवायलाच पायजे असंबी नाय.”

बुवांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग खोकले.

“वरचं छाप.”

“आणि खालचं?”

“खालीच. बारीक अक्षरात. त्यांनी लिवलंय तसं.”

“तुमच्या नावासकट?”

“नावासकट.”

नम्रतानं पान दुमडू नये म्हणून मध्ये कागद घातला आणि वही पिशवीत ठेवली. बुवा भिंतीला धरून उठले. कीर्तनाला निघावं तशी टोपी घातली, उपरणं सारखं केलं.

“पेटी उचल. बाईजाकडं जायचंय.”

“तिला काय सांगणार, बुवा?”

“सांगायचं काय! तू ती ओळ वाजव. मी समोर बसंन.”

सवयीनं त्यांचा हात खुंटीवरच्या टाळांकडे गेला. दोरीला बोटं लागली, टाळ एकमेकांवर हलकेच वाजले. आवाज थांबेपर्यंत त्यांनी ते मुठीत धरले आणि मग तिथंच सोडून ओटीच्या पायऱ्या उतरले.