घंटीची वायर

शुकरीने फोनवर आवाज चढवला नाही, म्हणूनच माझनीला धसका बसला. थोरला भाऊ चिडला की ओरडायचा आणि विसरून जायचा. या वेळी तो बँकेतल्या माणसासारखा बोलला.

"शनिवारी येतो. वीज धड झाली असेल तर जेवून परत जाईन. नसेल तर अबांना क्वालालंपूरला घेऊन जाईन. खोली रिकामी करून ठेवली आहे."

"अबांग, त्यांना यायचं नाहीये." थोरल्या भावाला ती अबांग म्हणायची, मलय रीतीने.

"त्यांना श्वास घ्यायचाय ना? मग झालं."

 मागच्या आठवड्यात माझनी ग्रंथालयातलं काम आटोपून घरी आली तेव्हा वीज गेलेली होती आणि तिचे वडील, अबा, पोर्चच्या फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. ओठ जांभळे पडले होते. ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं होतं, आणि राखीव सिलिंडरची चावी त्यांच्या थरथरत्या हातांना फिरली नव्हती. इस्पितळातून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. शुकरीला शेजारणीकडून कळलं, माझनीकडून नाही, हेही त्याला लागलं होतं.

तैपिंगमधलं हे बैठं घर तिने अबांसाठीच घेतलं होतं. जिना नाही, मशीद चालत जाण्याजोगी, कब्रस्तान जवळ. अबा दर शुक्रवारी तिथे जात, बायकोच्या कबरीवरचं गवत उपटत आणि तिला आठवड्याच्या बातम्या सांगत. शुकरी पंधराव्या मजल्यावर राहायचा.

घर ताब्यात आल्यापासून वीज अधूनमधून जायची. रस्त्यावरची नव्हे, फक्त यांचीच. दाराशेजारच्या पेटीतली मोठी कळ खटकन खाली पडायची. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी आठवडाभर नाहीच. वर ढकलली तर हात काढायच्या आत पुन्हा पडायची, आणि दोन-तीन तासांनी काही झालंच नाही अशी वर बसायची.

वायरमन मोगन बरेचदा येऊन गेला होता. तो येईपर्यंत कळ वर बसलेली असे.

"अक्का, ही कळ म्हणजे वाह्यात पोरगं आहे," तो म्हणायचा. मोगन वयाने थोड्या मोठ्या बाईला अक्काच म्हणायचा, मग ती तमिळ असो, मलय असो की चिनी. "हेडमास्तर आला की हाताची घडी. मी गेलो की खिडकी फोडते."

पहिल्या भेटीत त्याने पेटी उघडून एकेक वायर तिला समजावून दिली होती. ही स्वयंपाकघराची, ही न्हाणीघराची, ही दिव्यांची. मोठ्या कळीलगत एक जुनी पातळ वायर मागच्या भोकातून भिंतीत जात होती. "ही दारावरच्या घंटीची. घंटी मेलीय, तीही मेली." फाटकावरची घंटी खरोखरच वाजत नव्हती. कुणीच पुढे विचारलं नाही.

मग त्याने न्हाणीघरातला हीटर बदलला. मोठी कळ बदलली. कळ पडली की लहान एमसीबी सगळे खाली करायचे आणि मग मोठी वर ढकलून बघायची, असं त्याने माझनीला शिकवलं. तिने एका पहाटे ते केलं. सगळे खाली असतानाही मोठी पडली. तिने लगेच मोगनला फोन लावला.

"सगळे खाली, तरी पडते? मग न्यूट्रल कुठेतरी भिंतीला लागतोय. एमसीबी खाली केले तरी तो तुटत नाही."

त्यानंतर तो न्यूट्रलच्या मागे लागला. प्लगांचे बोर्ड उघडले, छतावर चढला, गळती मोजायचा मेगर लावून भिंतींतल्या वायरी तपासल्या. सगळं ठणठणीत. शुकरीच्या बायकोने घर 'कडक' आहे, म्हणजे झपाटलेलं, म्हणून मशिदीतल्या उस्तादांना पाठवलं. ते चारही कोपऱ्यांत कुराणातल्या आयती पढले, पाणी शिंपडलं. नंतर काही दिवस कळ पडली नाही, आणि वहिनीचा फोन आला. तो फोन चालू असतानाच पडली.

"जिन असेल तर बेकार झालेला दिसतोय," अबा म्हणाले. "नाहीतर दिवसभर म्हाताऱ्याच्या हवेचा नळ उघडझाक करत कोण बसेल?"

माझनीला हसू आलं नाही. तिला आता हसायचाही कंटाळा आला होता. झोपेतसुद्धा तिचा एक कान यंत्राच्या घरघरीकडे असायचा. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना ती मध्येच थांबायची आणि घरी फोन लावायची. अबा उचलून म्हणायचे, "जिवंत आहे. शिक्के मार."

शुक्रवारी तिने सुट्टी घेतली. सकाळी न्याहारीला कळ पडली होती. मोगन आला तेव्हा वर बसलेली होती. तो पेटीसमोर स्टूल टाकून नुसता बघत बसला. दाराशी हिरवी पिशवी होती. अबांचे कपडे, गोळ्या, नमाजाची टोपी, चप्पल. ती अबांनी स्वतःच भरली होती, न सांगता. माझनी तिच्याकडे न बघता ये-जा करत होती.

दहाच्या सुमारास फाटकाशी मोटार थांबली आणि खूआंटी उतरल्या. हे घर त्यांनीच विकलं होतं. नवरा वारल्यावर त्या पेनांगला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. चिनी लोकांचे कबरी साफ करायचे दिवस होते, नवऱ्याची कबर झाडून परत जाताना त्या वाट वाकडी करून आल्या होत्या. हातात संत्री आणि बिस्किटांचा डबा.

"हलालचा शिक्का बघून घेतलाय," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "चष्मा लावून बघितला. मग पोराकडूनही बघून घेतला."

अबा पोर्चमध्ये खुर्चीवर होते, नाकातली नळी दारातून आत गेलेली. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. आंटींनी दर्शनी भिंतीवरून तळहात फिरवला.

"रंग टिकलाय. इथे आमचं आकाशदेवाचं देवघर होतं, सगळं लाल. म्हटलं, तुम्ही नमाज पढणारी माणसं, तुमच्या दारात खूण राहायला नको. मुलाला सांगितलं, गिलावा कर, पावसात टिकणारा रंग मार, खिळ्याचं भोकसुद्धा दिसता कामा नये."

"दिसत नाही," माझनी म्हणाली. खरेदीच्या वेळी तिलाही ते फार सभ्यपणाचं वाटलं होतं.

"पण आंटी, वीज काय ठेवून गेलात!" मोगन आतून म्हणाला. "सारखी कळ पडते."

"अय्यो, माझ्या घरात वीज जात नव्हती हं! तुलाच नीट करता येत नसेल. मेघगर्जना होऊ दे, काही होऊ दे, नाही."

"कधीच नाही?"

"देवाच्या दिव्याला विचार. दिवसरात्र लागलेला असायचा. नवीन वर्षाला आम्ही पेनांगला जायचो तेव्हा हे पेटीतली सगळी लहान बटणं खाली करून कुलूप लावायचे. परत आलो की फाटकातूनच लाल दिसायचा. मला बरं वाटायचं."

माझनी कॉफीचे पेले घेऊन येत होती. ती उंबऱ्यातच थांबली. सगळी बटणं खाली करण्याचं काम तिने इतक्या वेळा केलं होतं की ते वाक्य तिला अंगाला लागल्यासारखं लागलं.

"आंटी, सगळी बटणं खाली असताना दिवा कसा लागायचा?"

"त्याला बटणच नव्हतं. एकदा कामवालीने चुकून बंद केला आणि त्याच महिन्यात हे स्कूटरवरून पडले. त्यानंतर यांनी वायर थेट जोडून घेतली. कुणाचा हात लागायलाच नको."

माझनीने पेले खाली ठेवले. "मोगन," ती म्हणाली, "ती घंटीची वायर."

मोगन स्टुलावरून उठला. त्याने टेस्टर त्या पातळ वायरीला लावला. टेस्टरचा दिवा लागला. त्याने तमिळमध्ये एक शब्द उच्चारला आणि आंटींकडे बघून माफी मागितली.

"मोठ्या कळीच्या खाली, लहान एमसीबींच्या आधी," तो म्हणाला. "सगळे खाली केले तरी ही चालूच. मी बघितली होती अक्का, पहिल्याच दिवशी. मेलेली म्हणून टेस्टरसुद्धा लावला नाही."

आंटींनी बोट ठेवलं तिथे त्याने छिन्नीने गिलावा काढला. वरचा रंग कोरडा होता, आत मात्र माती ओली आणि काळी. चिकटपट्टी गुंडाळलेली वायरीची दोन टोकं त्यात गाडलेली होती. वर पोर्चची पन्हळ फुटलेली होती. तिचं पाणी भिंतीच्या आतून या टोकांपर्यंत उतरायला काही तास घ्यायचं, मग वीज ओल्या मातीत गळायची आणि कळ पडायची. म्हणून पाऊस संध्याकाळी आणि कळ पहाटे, आणि पावसाचा संशय कुणालाच आला नव्हता. वारा उलटा असला की भिंत कोरडी, आणि घर आठवडाभर शहाणं.

"टोकं अशी चालू सोडतात का कुणी?" मोगन म्हणाला.

आंटी आता खुर्चीत बसल्या होत्या. "मुलगा कापणार होता. मीच नको म्हटलं. देवाला निरोप दिला, उदबत्तीची राख नेली, सगळं रीतसर केलं. पण इतकी वर्षं तेवत्या दिव्याची वायर कापायची... म्हटलं, बल्ब काढ, वायर राहू दे." त्यांनी अबांच्या नळीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मोगनने पक्कड काढली. "थांब," आंटी म्हणाल्या.

"मॅडम," अबांनी विचारलं, "तुमचा देव नव्या घरी पोहोचला ना?"

"पोहोचला. मुलाच्या बाल्कनीत आहे."

"तिथे दिवा आहे?"

"आहे."

"मग इथे कुणाचा विझतोय?" अबा दम खाऊन म्हणाले. "मी रेल्वेत सिग्नलवर होतो. गाडी निघून गेली की लाल दिवा नाही धरून बसत. पुढच्या गाड्या खोळंबतात."

 आंटी उठून फाटकापर्यंत गेल्या आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "काप. मी बघत नाही."

माझनीने अबांना सिलिंडर लावला, चावी स्वतः फिरवली. मोगनने मोठी कळ पाडली, पेटीतून वायर सोडवली, भिंतीतली टोकं ओढून बाहेर काढली, आणि कळ पुन्हा चढवली. यंत्र घरघरायला लागलं.

"झालं?" माझनीने विचारलं.

"झालं म्हणायचं."

"म्हणायचं म्हणजे? उद्या अबांग येतोय. त्याला काय दाखवू?"

"अक्का, पडणारी कळ दाखवता येते. न पडणारी कशी दाखवायची?"

शनिवारी शुकरी जेवणाच्या आधीच पोहोचला. त्याने भिंतीतलं भगदाड बघितलं, सगळी हकीकत ऐकली, नारळाच्या दुधातला भात जेवला. मग म्हणाला, "यापूर्वीही आठवडाभर पडली नव्हती."

"हो," माझनी म्हणाली. तिच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. "बरोबर आहे तुझं."

त्याला भांडण अपेक्षित होतं. त्याने उठून पँट दुमडली, बागेतला रबरी पाइप ओढून आणला आणि थेट त्या भगदाडात पाणी सोडलं. शर्ट भिजला, पोर्चमध्ये चिखल झाला.

"अरे, पडेल भिंत," अबा आतून म्हणाले. "पुन्हा विकत घ्यायला लावशील तिला."

"पडू दे. कळ पडायला नको."

मग तो पेटीसमोर मोगनच्या स्टुलावर बसला, मोटारीची किल्ली हातात घेऊन. पाणी उतरायला तास लागतात, हे त्याला सांगितलं होतं. माझनीही समोर बसली. आपल्याऐवजी दुसरं कुणीतरी कान लावून बसलंय, एवढं तिला कळलं, आणि तिची मान कलंडली.

जाग आली तेव्हा बाहेर चांगलाच पाऊस लागला होता. स्टूल रिकामं होतं. दाराशी हिरवी पिशवी नव्हती. ती धडपडत उठली आणि मग तिला घरघर ऐकू आली, आतल्या खोलीतून, नेहमीची, एका लयीत.

"विळा घेऊन ये," अबा शुकरीला सांगत होते. "पुढच्या शुक्रवारी. तुझ्या आईच्या डोक्याशी फार गवत वाढलंय, माझ्याने उपटवत नाही."

"आणतो. पण पन्हळ आधी दुरुस्त करायची."

"ती तुझ्या बहिणीला सांग. घर तिचं आहे."

अबांची पिशवीतली चप्पल उंबऱ्याजवळ काढून ठेवलेली होती. माझनीने ती पावसाच्या शिंतोड्यांपासून आत सरकवली आणि परत जाऊन खुर्चीत डोळे मिटले.