तीन शेवंडी कमी

गुरुग्रामच्या हॉटेलात मागच्या दाराशी पेटी उघडली. ओल्या गोणपाटाखाली शेवंडी, म्हणजे हॉटेलवाल्यांचे लॉबस्टर, निपचित पडल्या होत्या.

"आजी, मेल्या गं," नात सुखदा कुजबुजली.

सुनेत्राबाईंनी एकीला पाठीला धरून उचललं. तिने शेपटी फाडकन पोटाशी ओढली. "थंडीने झोपल्यात. मेलेलीला कोण भाव देतो?"

"पंधरा बोले थे, आंटीजी. बारा हैं," शेफ निखिल म्हणाला.

सुखदाने पुन्हा मोजल्या. बाराच.

वेंगुर्ल्याहून दलालाला टाळून सुनेत्राबाईंच्या भाच्याने, गुणवंतने, थेट दिल्लीकडे पाठवलेला हा पहिलाच माल. हॉटेलात शब्द टाकला होता तो सुनेत्राबाईंनी. तो शब्द खाली पडला, तर गुणवंतची होडी पुन्हा दलालाच्या दारात.

"किसी ने ज़्यादा दाम दे दिया होगा," निखिल हसत म्हणाला.

ते त्यांना लागलं. केंद्र सरकारच्या नोकरीत चाळीस वर्षं काढली, कुणी बोट दाखवलं नव्हतं. पण मनात पाल चुकचुकलीच. गुणवंतच्या होडीचं इंजिन बिघडलं होतं. गरज माणसाला काय करायला लावेल, सांगता येत नाही. त्यांनी सगळ्यांसमोर फोन लावला, स्पीकरवर.

"तीन खंय गेली रे?"

"गाबोळीची होती गो आत्ये. सोडून दिलंय."

सुनेत्राबाईंनी फोन जवळ ओढला. "सोडलंस, की फेकलंस?"

"ठेवलंय. दोनय हातांनी. आजो ठेवी तसा."

आजो म्हणजे सुनेत्राबाईंचे वडील; ते तसेच वाकायचे, होडीच्या कडेवरून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून. फेकलेल्या शेवंडीची अंडी झडतात, म्हणायचे. आणि मग पोरांनी काय धरायचं, दगड?

"क्या बोला?" निखिलने विचारलं.

"तीनों के पेट के नीचे अंडे थे. समुंदर में वापस रख दिया."

"अंडेवाली का भी तो पूरा पैसा मिलता है, आंटीजी."

"मालूम है. उसको भी मालूम है." त्यांनी पदर सारखा केला. "बारा का बिल बनाओ. और अगली बार भी कम आ सकते हैं, पहले से बोल देती हूँ."

निखिलने पेटीकडे पाहिलं, मग फोनकडे. खिशातलं पेन काढून पुढच्या आठवड्याच्या मागणीत त्याने लिहिलेला पंधराचा आकडा खोडला.

"जितने मिलें," तो म्हणाला. "लेकिन उसी से."

सुखदा गाडीत बसताना म्हणाली, "आजी, गाबोळी म्हणजे काय?"

सुनेत्राबाई सांगू लागल्या. घर येईपर्यंत सांगतच होत्या.